दीडची भरती

जून महिन्यात भर उन्हाची सरोजिनी नगरच्या मार्केटात जाणारी माणसं दोनच प्रकारची असतात. एक दिल्लीत नवीन आलेली, आणि दुसरी विहिणीला नाही म्हणू न शकलेली. विजयाताई दुसऱ्या प्रकारातल्या. त्यांच्या विहीणबाई सुमित्राजी नातीसाठी सुती फ्रॉक घ्यायला गाझियाबादहून खास आल्या होत्या आणि त्यांनी विजयाताईंना द्वारकेहून बोलावून घेतलं होतं. "आपको तो यहाँ की एक-एक दुकान पता है," असं म्हटल्यावर माणूस घरी कसा बसणार? आणि ते खोटंही नव्हतं. लग्न होऊन दिल्लीत आल्यापासून नवरा रिटायर होईपर्यंत त्यांचा सगळा संसार इथल्याच सरकारी क्वार्टरात झाला होता. नवरा गेल्यावर त्या द्वारकेच्या फ्लॅटमध्ये एकट्याच राहत होत्या.

फ्रॉकांच्या ढिगात दोघींचे हात कोपरापर्यंत बुडालेले असताना पर्समधला फोन थरथरला. लेकीचा मेसेज होता. अर्पिता, जावई अनुराग आणि सहा वर्षांची सुकन्या अशी तिघं कोकणात माडबंदरला फिरायला गेली होती. फोटोत सुकन्या एका काळ्या खडकावर, छोट्याशा पांढऱ्या देवळासमोर हात पसरून उभी होती. खाली अर्पितानं लिहिलं होतं, "आई, तू सांगितलेली जागा एकदम मस्त आहे यार. वाळूवरून चालतच आलो. इथेच पिकनिक करतोय. एकला निघू. पाणी तर दीडला येणार ना?"

"अरे वाह, दिखाइए तो," म्हणत सुमित्राजींनी फोन आपल्याकडे वळवला. "कितनी प्यारी लग रही है मेरी गुड़िया."

विजयाताईंना फोटोत नात दिसलीच नाही. त्यांची नजर गेली ती खडकाच्या मागे, उजव्या कोपऱ्यात. तिथे खडकापासून किनाऱ्यापर्यंत वाळूचा दांडा असायला हवा होता, ज्याच्यावरून ही मंडळी चालत गेली होती. तिथे आता पाणी होतं. फोटो कधीचा होता कोण जाणे, पण आत्ता अकरा वाजून गेले होते.



माडबंदरच्या पोराला ही गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. भरती दीडची म्हटली की दीडला पाणी पुरतं चढलेलं असणार आणि तिथून उतरायला लागणार. चढायला ते सकाळीच लागलेलं असतं. दर्यावर जाणारी माणसं पाण्याचा शेवट सांगतात, सुरुवात सगळ्यांना ठाऊकच असते. पण दिल्लीच्या माणसाला भरती म्हणजे राजधानी एक्सप्रेस वाटते. दीडला येणार म्हणजे दीडलाच येणार, तोवर फलाटावर बसून पुरी-भाजी खायला कोणाची हरकत? चार दिवसांपूर्वी स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता विजयाताईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरात आजच्या दिवसाची तिथी बघितली होती. बीज. तिथीचा पाऊणपट केला की भरतीची वेळ निघते, हा हिशेब त्यांना बापानं मांडीवर बसवून शिकवला होता. दोनाचा पाऊणपट दीड. "पानी डेढ़ बजे का है बेटा, उससे पहले लौट आना," एवढं त्या जावयाला फोनवर म्हणाल्या आणि पोळी उलटली. पुढचं सांगायचं त्यांच्या मनातही आलं नाही. ज्याला कळतं त्याला सांगावं लागत नाही, आणि या मंडळींना काही कळू नये याची खबरदारी तर त्यांनी स्वतःच आजवर घेतली होती.

कारण विजयाताई माडबंदरच्या होत्या, आणि हे त्यांच्या लेकीलाही माहीत नव्हतं.

तसं बघितलं तर त्या पूर्ण खोटं कधीच बोलल्या नाहीत. माहेर कुठलं म्हटलं की "रत्नागिरी साइडला" असं सांगायच्या. भाऊ काय करतो विचारलं की "पोर्टवर असतो" म्हणायच्या. आता होडी बंदरावरच लागते, तेव्हा त्यातही चूक काढता येणार नाही. क्वार्टरातल्या शेजारणींनी सुक्या बोंबलाच्या वासावरून एकदा गिल्ला केला, तेव्हापासून त्यांच्या घरात बोंबील आला नाही, आणि हळूहळू माहेरही आलं नाही. अर्पिताचं लग्न गाझियाबादच्या कट्टर शाकाहारी घरात ठरलं, तेव्हा विजयाताईंनी "हम लोग भी प्योर वेज ही हैं" हे वाक्य इतक्या सहजपणे म्हटलं की नवऱ्यानंही चमकून बघितलं.

त्यामुळे गेल्या महिन्यात अनुरागनं इंटरनेटवर शोधून शोधून, गर्दी नसलेलं मासेमारीचं गाव म्हणून नेमकं माडबंदर काढलं, तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. तिथे काय काय बघता येईल याची यादी तो रोज फोनवर वाचून दाखवायचा. किल्ल्याचा बुरूज, दीपगृह, खाडीतली होडीची फेरी, आणि सगळ्यात वर खारवीवाडा. "मम्मीजी, वहाँ मछुआरे लोग बाहर बैठके जाल बुनते हैं. सुकू को दिखाएँगे." त्या वाड्यात पिंपळाखालचं तिसरं घर विजयाताईंच्या भावाचं. मग त्यांनी ती यादी आपल्या हातात घेतली. बुरूज बघा पण संध्याकाळी, दीपगृहावर वारा फार असतो, टोपी न्या, असं करत करत वाड्याचं नाव त्यांनी यादीतून अलगद उडवलं. "वहाँ बदबू बहुत होती है, बच्ची को उलटी हो जाएगी. उससे अच्छा सुबह जुगाई देवी के खड़क पे जाओ. रेत का रास्ता खुलता है, चलके जा सकते हैं." हे ऐकून अर्पितानं विचारलं होतं, "आई, तू कधी गेली होतीस तिथे?" "बाबांबरोबर, एकदा," म्हणून त्यांनी विषय बदलला.

म्हणजे त्या तिघांना जुगाईच्या खडकावर विजयाताईंनीच पाठवलं होतं. भावाची गाठ पडू नये म्हणून.

त्यांनी अर्पिताला फोन लावला. नॉट रीचेबल. अनुरागला लावला. तेच. मेसेज टाकला, "ताबडतोब मला फोन कर, पाण्यात पाय घालू नका." त्यापुढे एकच टिक आली आणि तशीच राहिली.

"क्या हुआ? आप पसीने-पसीने हो रही हैं," सुमित्राजी म्हणाल्या.

"गर्मी," विजयाताई म्हणाल्या, आणि त्यांनी रिसॉर्टला फोन लावला. तिथला मुलगा अदबीनं बोलला. सीझन संपल्यामुळे आमची बोट बाहेर काढून ठेवलीय, पण मी पोलीस चौकीला कळवतो, बीचवर माणूस पाठवतो. माणूस बीचवर जाऊन काय करणार होता? हात हलवणार होता. चौकी तालुक्याच्या रस्त्याला, आणि तिथे होडी नाही. जून लागला की मासेमारी बंद होते, ट्रॉलर किनाऱ्यावर घेऊन माडाच्या झापांनी शाकारतात. सगळं गाव पाण्याकडे पाठ करून बसलेलं असतं. त्यात परवाच अमावास्या झालेली, म्हणजे उधाणाचं पाणी. एरवी तो खडक भरतीला नुसता वेढला जातो, माथा कोरडा राहतो. पण ज्येष्ठातल्या उधाणाला वारा असला की लाट जुगाईच्या उंबऱ्यावरून आरपार जाते, हे विजयाताईंनी लहानपणी डोळ्यांनी बघितलं होतं.

आणि त्याहून मोठी भीती दांड्याची होती. दांडा बुडाला की दोन्ही बाजूंचं पाणी तिथे एकमेकांत शिरतं. वरून बघावं तर गुडघाभर, आणि पाय ठेवला की खालची वाळूच निघून जाते. अनुराग गाझियाबादच्या क्लबात रोज पोहायचा. त्याला आपल्या पोहण्याचा अभिमान होता. पाणी वाढताना बघून तो पोरीला खांद्यावर घेईल आणि निघेल, हे विजयाताईंना अगदी स्पष्ट दिसत होतं.

आता एकच माणूस उरला होता.

भावाचा, तात्यारावाचा, नंबर फोनमध्ये होता, पण अर्पिताच्या लग्नापासून त्यावर फोन गेला नव्हता की आला नव्हता. लग्नाच्या दिवशी तात्या दोन रात्रींचा प्रवास करून आला होता. अंगात नवा पांढरा शर्ट, आणि हातात बर्फात घातलेल्या सुरमईची टोपली, कारण त्यांच्यात भाचीच्या लग्नाला मामानं मोठा मासा न्यायची रीत. बर्फ वितळून टोपली हॉलच्या गेटवर गळत होती. विजयाताई सुमित्राजींना घेऊन नेमक्या तिथूनच चालल्या होत्या. सुमित्राजी नाकाला पदर लावून त्याला म्हणाल्या, "भैया, डिलिवरी पीछे वाले गेट से." तात्यानं बहिणीकडे बघितलं. बहीण काही बोलेल म्हणून तो थांबला, चांगला थांबला. विजयाताई विहिणीचा हात धरून आत गेल्या. थोड्या वेळानं त्या धावत परत आल्या तर गेटवर टोपली होती आणि तात्या नव्हता.

त्या माणसाला आज फोन करायचा होता. लाज वाटायला वेळ नव्हता, पण लाज वेळ बघून येत नाही.

फोन अहिल्यावहिनींनी उचलला. "कोण?"

"वहिनी, मी विजू. दिल्लीहून."

पलीकडून वहिनींचा आवाज, ना गरम ना थंड. "बोल."

"तात्या कुठाय?"

"मागीलदारी जाळं शिवतोय. पण तो बोलायचा नाही गो तुझ्याशी. उगाच मला मध्ये घालू नको."

"वहिनी, अर्पिता जुगाईच्या खडकावर आहे. नवरा आणि पोरगी पण. दांडा बुडाला. त्यांना काही कळत नाही."

फोन हातात तसाच धरून वहिनी धावत सुटल्या असाव्यात, कारण विजयाताईंना फक्त पावलांचा आवाज येत होता, आणि मग लांबून तात्याचा आवाज. काय, कोण, कधी गेली. मग एकदम फोनच्या जवळ तोच आवाज, आणि त्यात ओळख दाखवण्याचं नाव नाही.

"किती माणसं?"

"तीन. एक लहान आहे."

"होडी वर ओढलेली आहे. उतरवायला माणसं पाहिजेत, बघतो. त्यांना सांग, पाण्यात पाय घालायचा नाही. देवळाच्या पायरीवर बसायचं."

"फोन लागत नाही रे, तात्या."

"लाव," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

त्या लावत राहिल्या. नॉट रीचेबल, नॉट रीचेबल. दुकानदारानं त्यांची अवस्था बघून स्टूल पुढे केलं. त्या बसल्या नाहीत. सुमित्राजींचा चेहरा आता पार उतरला होता. विजयाताई मराठीत काय बोलल्या ते त्यांना नीट कळलं नव्हतं, पण अर्पिताचं नाव आणि पाणी एवढं कळायला मराठी लागत नाही. "विजयाजी, बताइए मुझे. मेरा बेटा ठीक है ना?"

तेवढ्यात रिंग गेली. पलीकडून वाऱ्याचा घोंघाट आणि त्यात अर्पिताचा आवाज, हसू आणि रडू यांच्या मधला. "आई, इथे पाणी आलंय गं. दीडला येणार होतं ना? अनुराग म्हणतोय आत्ता निघू, अजून घुटनोंपर्यंतच आहे. त्यानं सुकूला पाठीवर बांधलंय माझ्या दुपट्ट्यानं."

"फोन त्याला दे. आत्ताच्या आत्ता."

"मम्मीजी, डोंट वरी," अनुराग म्हणाला. त्याचा श्वास लागला होता, पण आवाज बिल्कुल ठाम होता. "मैंने देख लिया है, पचास-साठ कदम होंगे. मैं पहले सुकू को छोड़ के आता हूँ, फिर अर्पिता को ले जाऊँगा."

"नहीं. पानी में पाँव नहीं डालना. ऊपर मंदिर की सीढ़ी पे बैठो, तीनों. नाव आ रही है."

"मम्मीजी, नाव-वाव कुछ नहीं है यहाँ. पानी बढ़ रहा है. जितना रुकेंगे उतना मुश्किल होगा. मैं स्विमर हूँ."

"बेटा, वहाँ तैरना काम नहीं आता. बीच में रेत भागती है. मेरी बात मानो."

"आपको कैसे पता?" तो चिडला होता. त्याचंही चूक नव्हतं. पाठीवर पोर, समोर वाढतं पाणी, आणि दिल्लीतल्या बाजारातून सासू त्याला समुद्र शिकवत होती. "आप तो एक बार घूमने आई थीं यहाँ. मैं यहाँ खड़ा हूँ, मुझे दिख रहा है."

विजयाताईंनी मान वर केली. सुमित्राजी हातभर अंतरावर उभ्या होत्या, डोळे त्यांच्या तोंडाकडे लागलेले. हातात अजून तो पिवळा फ्रॉक होता.

"मैं वहीं पैदा हुई हूँ," विजयाताई म्हणाल्या. आवाज इतका मोठा निघाला की शेजारच्या टेबलावरच्या बायकांनी वळून बघितलं. "उसी गाँव में. मैं मछुआरों की बेटी हूँ, अनुराग. मेरे बाप ने, मेरे दादा ने उसी पानी में जिंदगी निकाली. उस रेत पे मेरे सामने आदमी डूबे हैं, और पानी उनके घुटने तक ही था. तुम्हें जो दिख रहा है वो धोखा है. मैंने तुम सबसे झूठ बोला, उसकी सज़ा मुझे देना, बच्ची को मत देना. ऊपर जाओ. अभी जो नाव आएगी, वो मेरे..."

फोन कट झाला.

त्यांनी परत लावला. नॉट रीचेबल. अनुरागनं ऐकलं की नाही, शेवटचं किती ऐकलं, ऐकून काय ठरवलं, काही कळायला मार्ग नव्हता. तो वर गेला असेल किंवा पाण्यात उतरला असेल. या दोन गोष्टींच्या मध्ये विजयाताईंचा जीव टांगणीला लागला होता. आता मात्र त्या स्टुलावर बसल्या.

सुमित्राजी रडतील, ओरडतील, निदान काही तरी बोलतील, असं त्यांना वाटलं होतं. सुमित्राजींनी फ्रॉक घडी करून जागेवर ठेवला. दुकानदाराकडून पाण्याची बाटली घेतली, झाकण उघडून विजयाताईंच्या हातात दिली. मग स्वतःच्या पर्समधली जपमाळ काढली आणि एका हातानं ती धरून दुसऱ्या हातानं मुलाचा नंबर लावत राहिल्या. मार्केटात लोक भाव करत होते. एकशे पचासवाला टॉप कुणीतरी शंभरला मागत होतं. त्या आरडाओरड्याचा विजयाताईंना जन्मात आला नव्हता इतका राग आला.

फोन वाजला. वहिनी होत्या.

"बंदरावर उभी आहे," त्या ओरडून सांगत होत्या. "होडी खाली आणली. आठ-नऊ माणसं लागली आहेत ढकलायला. लाट मोठी आहे गो."

"वहिनी, खडकावर माणसं दिसतात का? तीन दिसतात का?"

"मध्ये फेस उडतो, दिसत नाही. थांब. होडी घातली. तात्या पुढे आहे, अमोल मागे." अमोल म्हणजे तात्याचा मुलगा, विजयाताईंनी त्याला शेवटचा बघितला तेव्हा तो कॉलेजात होता. "आडवी झाली. अगो आडवी झाली होडी."

विजयाताईंनी डोळे मिटले. सुमित्राजींनी त्यांचं मनगट धरलं, घट्ट, दुखेल इतकं.

"परत किनाऱ्याला आली. माणसं ठीक आहेत, एक वल्हं गेलं. बाळ्याचं वल्हं आणायला पळालेत. तात्या पाण्यातच उभा आहे."

विजयाताई वाट बघत राहिल्या. आपला भाऊ आता साठीला आला, त्याच्या गुडघ्यांना वात असणार, बापाच्याही होता, हे त्यांना आत्ता आठवलं. आपली तीन माणसं खडकावर अडकली म्हणून त्यांनी आणखी दोघांना दर्यात ढकललं होतं. उद्या वहिनींना तोंड कसं दाखवायचं? आणि तरीही मनात एकच होतं, जा, तात्या, जा. इतकं आपमतलबी त्यांना कधीच वाटलं नव्हतं.

"गेली," वहिनी म्हणाल्या. "लाटेवरून गेली. आता बाहेर आहे." मग बराच वेळ नुसता वारा. सुमित्राजींचे ओठ हलत होते. मग वहिनींचा आवाज एकदम खाली आला. "दिसली. देवळाला चिकटून बसलीत. एक, दोन. पोरगी कुठाय? हां, बापाच्या पुढ्यात आहे. तीन आहेत गो विजू. तीन आहेत."

अनुराग वर गेला होता. त्यानं ऐकलं होतं.

विजयाताईंनी मान हलवून विहिणीला तीन बोटं दाखवली, आणि मग दोघींनाही रडू आवरेना. त्यापुढचं सगळं वहिनी सांगत होत्या. होडी खडकाला लागत नव्हती, अमोलनं दोर टाकला, पोरीला आधी घेतलं, मग अर्पिताला, जावयानं शेवटची उडी घेतली ती निम्मी पाण्यात पडली, पण तात्यानं त्याला दंडाला धरून आत ओढलं. होडी निघाल्यावर मागून जुगाईच्या पायरीवर लाट चढली, हेही त्या म्हणाल्या. ते त्यांनी सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

होडी अजून किनाऱ्याला लागायची होती. फोन चालूच होता. सुमित्राजी हळूच म्हणाल्या, "शादी वाले दिन गेट पर एक भाईसाहब टोकरी लेके खड़े थे. सफेद शर्ट में."

विजयाताईंनी मान वर केली नाही.

"मैंने उनसे कहा था, पीछे वाले गेट से. आप मेरे साथ ही थीं. वही हैं ना, जो नाव लेके गए हैं?"

"हाँ."

"आपने उस दिन मुझे टोका क्यों नहीं?"

उत्तर सुमित्राजींना ठाऊकच होतं, म्हणूनच त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मनगटावरचा हात मात्र त्यांनी काढून घेतला आणि माळ पर्समध्ये ठेवली.

फोनमध्ये गलका वाढला. माणसं होडी ओढत होती. वहिनी कुणाला तरी चादर आणायला सांगत होत्या. मग फोनला कुणीतरी ओला हात लावल्यासारखा आवाज आला, आणि तात्या बोलला. दम लागल्यामुळे तो तुटक बोलत होता.

"आली सगळी. पोरगीला थंडी वाजते, बाकी काय नाय."

"तात्या," एवढंच विजयाताईंना म्हणता आलं.

"दीडची भरती कोणी सांगितली त्यांना?"

"मी."

"पंचांग बघून?"

"हो. पाऊणपट केली."

"बरोबर आहे," तात्या म्हणाला. "दीडच आहे. हिशेब नाय विसरलीस."

हे तो कौतुकानं म्हणाला की कसं, ते त्याच्या आवाजावरून कळेना. मागे सुकन्याचं बोलणं ऐकू येत होतं, दात वाजत होते तरी प्रश्न थांबत नव्हते.

"तुझी नात मघापासून एकच विचारते," तात्या म्हणाला. "आप कौन हो, आप कौन हो. जावई पण बघतोय तोंडाकडे. अर्पितानं लहानपणी दोनदा बघितलं असेल मला, ती ओळखत नाही. मी काय सांगितलं नाय अजून." तो थांबला. लग्नाच्या दिवशी गेटवर थांबला होता तसाच, आणि विजयाताईंना ते चांगलं कळलं. "काय सांगू?"

"तू नको सांगूस. तिला दे फोन," विजयाताई म्हणाल्या. "स्पीकरवर टाक, सगळ्यांना ऐकू दे."

त्या स्टुलावरून उठल्या. सुमित्राजी समोरच होत्या, आणि विजयाताई त्यांच्याकडे बघतच बोलल्या.

"नानी?" पलीकडून सुकन्या म्हणाली. "नानी, हम बोट में बैठे."

"सुकू, नीट ऐक. ज्यांनी तुला बोटीत घेतलं ना, ते माझे भाऊ आहेत. सख्खे मोठे भाऊ. तुझ्या मम्मीचे मामा. तात्याआजोबा म्हणायचं त्यांना. ते मासे पकडतात. तुझे पणजोबा पण पकडायचे."

तिकडून लाटांचा आवाज येत होता. अर्पितानं "आई" असं काहीतरी म्हटलं आणि तेही अर्ध्यावर राहिलं.

सुकन्यानं थोडा विचार केला असावा. "तो नानी, आप भी मछली पकड़ती थीं?"



"हो बाळा," त्या म्हणाल्या. "मी पण."